केळशीची खोली

४ जानेवारी, रविवार

सकाळी आईने पलंगावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलं आणि निळ्या पेनाने वरून खाली एक वाकडी रेघ मारली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "किनारा."

कळलं ते असं. आई आणि तिची मैत्रीण मंदाताई गाडीने कोकण करणार. समुद्राच्या कडेकडेने मुरूडपासून रत्नागिरीपर्यंत. मध्ये खाड्या येतात तिथे गाडीच बोटीत चढवायची. सहा दिवस. गाडी मंदाताईची, चालवणार मंदाताई. वय एकसष्ट. आई त्रेसष्ट.

मला म्हणाली, "तू तेवढ्या राहायच्या खोल्या मोबाइलवर बघून दे. तुला ते जमतं."

जमतं. बघून देते म्हटलं.

तूही चल, असं म्हणाली नाही. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. तिला वेळ मिळावा म्हणून. नाही म्हणाली.

६ जाने., मंगळ

बाबा गेल्यापासून पाच वर्षांत मी आईला काय काय विचारलं: महाबळेश्वर. अजिंठा. बंगळूरला मावसबहिणीकडे, ते पण विमानाने. दर वेळी एकच, "गुडघे दुखतात गं दीपा."

आता गुडघे कुठं गेले?

८ जाने.

आज आमच्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये (नौपाडा, नेहमीची गर्दी) एक आजी मोतीबिंदूचं विचारायला आल्या आणि आठवलं, मंदाताईला घरात आणली ती मीच. दीड वर्ष झालं. मंदाताई ऑपरेशनला एकटीच आलेली, कोलशेतहून, स्वतः गाडी चालवत. परत जाताना गाडी कोण चालवणार याचा विचारच नाही. मुलगा दोन तासांनी येतो म्हणाला. आई त्या दिवशी माझा डबा घेऊन आलेली. मीच म्हटलं, आई, या बाईंजवळ बस जरा, डोळ्याला पट्टी आहे, एकट्या आहेत.

बसली. अजून उठली नाही.

(यापुढं नुसतं मं. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.)

११ जाने., रवि.

मं. घरी आली. आमच्या गल्लीत गाडी एका दमात रिव्हर्स घातली. खालचा वॉचमन बघत राहिला. मी क्लासला पैसे भरून चार दिवसांत सोडून दिलेलं ड्रायव्हिंग. असो.

हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी. "काय गो पोरी, वाळलीस! शकू, हिला खायला घालत नाय का?"

शकू.

आईचं नाव शकुंतला. दवाखान्यात तीस वर्षं ती "सिस्टर" होती. बाबा "अगं" म्हणायचे. मामा "अक्का". तिचं नाव असं अर्ध्यात तोडता येतं हे मला सदतिसाव्या वर्षी कळलं, तेही कोलशेतच्या एका बाईकडून.

दोघी कॅलेंडरच्या पानावर वाकून. आई सांगत होती, "मला समुद्र म्हणजे दादरचा, सहा डिसेंबरचा. तोपण रांगेतून. पाठीमागे लाटांचा आवाज यायचा, पण लक्ष रांगेकडं, पोरीचा हात सुटू नये म्हणून." पोरगी म्हणजे मी. मी तिथेच उभी होते. सांगत होती मं.ला.

मं. म्हणाली, "या टायमाला बस खडकावर दिवसभर. कोण हात धरनार नाय."

आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मी हे हसणं ओळखत नाही.

मग पेनाने, बोट लागते त्या वेसवीच्या पुढे आत एक ठिपका. आंबडवे. बाबासाहेबांचं मूळ गाव. मं.च म्हणाली, "केलशीला दोन राती राहू, मदला दिवस आंबडव्याचा."

बाबांना जायचं होतं तिथे. शेवटच्या आजारपणाच्या आधी तीन वर्षं म्हणत होते. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नेते. कधी रजा नव्हती, मग माझा घटस्फोट चाललेला (आठ वर्षांपूर्वी या घरी परत आले ती तेव्हाच), मग ते राहिलं.

ते माझं राहिलेलं काम आहे. ते मं. करणार. तिला काय पडलंय आंबडव्याचं? विचारलंसुद्धा मी, जरा हसत. मं. म्हणाली, "शकूला जायचंय. गाडी माजी हाय. मग?"

बरोबर होतं, म्हणूनच राग आला.

१४ जाने.

तिळगूळ आणला. आईने पहिला लाडू डब्यात वेगळा काढून ठेवला. "मंदाला."

१७ जाने., शनि.

मुरूडची खोली झाली. गुहागरची झाली. श्रीवर्धनला नुसतं जेवायचंय, रत्नागिरीचं मं. बघणार. उरली केळशी.

१८ जाने., रवि.

खरं लिहिणार असेन तरच हे लिहिण्यात अर्थ आहे.

केळशीला फोन केला. घरगुती सोय आहे, बाई स्वतः बोलल्या. फार गोड. "या की! दोन्ही दिवस खोली रिकामी आहे. मागच्या दारातून सुरूचं बन, पलीकडे समुद्र. कोण कोण येताय?" मी म्हटलं, माझी आई आणि तिची मैत्रीण. "अगं बाई, किती छान. माझ्या सासूबाईंना सांगते, त्यांना फार आवडतात अशा बायका." मी म्हटलं, विचारून सांगते.

फोन ठेवला. आई दारात उभी. "काय म्हणाल्या?"

"फुल आहे."

तोंडातून आलं. ठरवलं नव्हतं.

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस. मी दुसरीकडं पण बघितलं. त्या आठवड्यात केळशीत कुठंच नाही." हे मात्र ठरवून बोलले.

आई पलंगावर बसली. पानावरच्या ठिपक्याकडे बघत होती. "केळशी नाही म्हणजे आंबडवे नाही. मग नुसतं समुद्र बघायला एवढं कशाला जायचं." थोड्या वेळाने, "मंदालाही तोच आठवडा मोकळा आहे. पुढं तिच्या नातवाची परीक्षा."

मी म्हटलं, जाऊ दे, आपण मे महिन्यात जाऊ, मी नेते.

"हं."

१९ जाने.

कॅलेंडरचं पान गुंडाळून कपाटावर. आई म्हणाली गुडघे दुखतायत. संध्याकाळी मी तेल गरम करून चोळून दिलं. तिने डोळे मिटले. घरात आम्ही दोघीच. खूप दिवसांनी.

मला बरं वाटलं. लाज वाटली, ती नंतर. आधी बरं वाटलं.

२३ जाने.

मं.चे फोन. आई आतल्या खोलीत जाऊन बोलते. "नाही गं... नाही, नाही जमत." मग बराच वेळ नुसतं ऐकत बसते.

जेवण कमी झालंय तिचं.

२८ जाने., बुध.

मं. क्लिनिकमध्ये. डोळे तपासायला. "कोकणात जावो नाय जावो, चेक करून घेतलेले बरे."

माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. उजवा डोळा झाकला. खालची ओळ वाचा. घडाघडा वाचली. दुसरा डोळा. शेवटची ओळसुद्धा, न अडखळता. सिक्स बाय सिक्स. दोन्ही.

पेन हातात होतं. एक आकडा बदलायचा होता, बस. मग म्हणायचं, मंदाताई, इतक्या लांब गाडी नका चालवू. कोणी विचारलं नसतं. तिने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

नाही लिहिलं. पंधरा वर्षं हे काम करते, तिथे हात वळला नाही. ६/६, ६/६. पण मनात आलं हे आलं.

चष्म्याची फ्रेम काढता काढता मं. म्हणाली, "शकू नाय बोलली यायला. खोली नाय म्हनं. मी बोलली, गाडीत झोपू! तरी नाय."

मी चार्टचा दिवा बंद केला.

"खरं सांगू, माजे घरात बारा मानसं. टॉवर झाला, सगल्यांना फ्लॅट झाले, पन बोलायला कोन नाय गो. सगले लिफ्टमध्ये भेटतात. तुजी आय बोलते माज्याशी."

मी म्हटलं, हो.

"आनि तिला तुजीच काळजी. मला बोलली, दीपाला मी आठ वर्षं चिकटलीय. पोरीला सहा दिवस तरी घर मोकळं मिळू दे, कोनाला बोलवायचं तर बोलवील, आरामात झोपेल. म्हनून तुला चल नाय बोलली. तुला मायती हाय ना?"

मला मायती नव्हतं.

मं. गेल्यावर पुढचा पेशंट घेतला नाही, पाच मिनिटं थांबायला सांगितलं. आधी लाज वाटली. मग दुसरंच डोक्यात आलं, आणि ते अजून गेलेलं नाही. हे तिने मं.ला सांगितलं. आठ वर्षं एका घरात राहून मला नाही.

३० जाने.

आईला खरं सांगायचं दोनदा मनात आणलं. भाजी निवडताना एकदा. एकदा ती औषध घेत होती तेव्हा. दोन्ही वेळा वाटलं, आत्ता नको, आत्ता बरी आहे.

१ फेब्रु., रवि.

आंघोळीला गेलेले. मोबाइल बाहेर टेबलावर. बाहेर आले तर आई फोनवर बोलत होती, अगदी नीट, दवाखान्यातल्या आवाजात. "हो. हो. बरं झालं तुम्ही फोन केलात. मी कळवते संध्याकाळपर्यंत. नाही नाही, तुमची काहीच चूक नाही."

फोन माझ्या हातात दिला. "केळशीच्या बाई. म्हणाल्या, खोली अजून ठेवलीय, काय ठरलं."

केसांतून पाणी गळत होतं.

"चांगल्या आहेत बोलायला," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

२ फेब्रु.

आईने तिची दवाखान्यातली जुनी वही काढली. लसीकरणाच्या याद्या करायची ती. कोऱ्या पानावर तारखा, गावं, फोन नंबर. सगळीकडे स्वतः फोन केले. मी केलेल्या दोन्ही खोल्यासुद्धा पुन्हा विचारून घेतल्या. आहेत का म्हणून.

हे लागलं.

५ फेब्रु.

बोलते. जेवायला वाढते. डबा देते. पण विचारत काही नाही. रोज विचारायची, आज गर्दी होती का, कोण आलेलं. चार दिवस नाही.

मं.ला सांगितलं असणार. दोघी बोलत असतील माझ्याबद्दल. मं. म्हणत असेल, बघ तुजी पोर.

८ फेब्रु., रवि.

आज झालं बोलणं. गच्चीवर वाळवण घालायला गेलो, पापड पसरता पसरता.

"खोटं का बोललीस?"

"मला पण यायचं होतं."

"मग म्हणायचंस."

"तू विचारायचंस."

आईने पापडावरची धूळ फुंकली. नव्हती धूळ. म्हणाली, "तुझे बाबा होते तोवर त्यांना विचारून. ते गेल्यावर तुला विचारून. बाजारात चालले, विहारात चालले, किती वाजता येते. तू चांगल्यासाठीच विचारतेस, मला कळतं. पण मला एकदा कुणाला न विचारता जायचं होतं गं. आणि झालं काय, तर खोल्यांचं तुलाच विचारावं लागलं."

मी म्हटलं, "मं... मंदाताईला तू सांगतेस मनातलं. मला नाही."

"तिला सांगितलं तर ती फक्त ऐकते. तू लगेच उपाय करतेस."

मी रडले थोडं. तिने जवळ घेतलं नाही. पापडाच्या पिठाचे हात होते, म्हणून असेल. म्हणून नसेल.

खाली उतरताना जिन्यात म्हणाली, "मंदाला सांगितलं नाही मी. खोली मिळाली, एवढंच म्हटलं. माझ्या पोरीचं असलं काही मी बाहेर बोलत नाही."

आणि मला काय वाटावं? आनंद. आईमधलं आणि माझ्यामधलं एक तरी असं आहे जे मं.ला माहीत नाही. भले ते माझं खोटं का असेना. किती घाण आहे हे. पण आहे.

१५ फेब्रु.

तयारी. आईने दोन पंजाबी ड्रेस घेतले. आयुष्यभर साडी. मं. म्हणाली म्हणे, बोटीत चढायला-उतरायला बरं पडतं. आरशासमोर ओढणी कशी घ्यायची ते मला विचारलं. मी पिन लावून दिली. छान दिसत होती. तसं म्हटलं मी. "खरं?" म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे खरंच विचारत होती. माझ्या "छान"वर पण आता तिला पुन्हा विचारावं लागतं.

२२ फेब्रु., रवि.

गेल्या.

मं. सहालाच आली, शीळफाट्याला सकाळी ट्रक कमी असतात म्हणून लवकर निघालेली. मी गोळ्यांचा डबा दिला, सकाळ-संध्याकाळ चिठ्ठ्या लावून. आई म्हणाली, "गोळ्या तू मला शिकवणार?" पण घेतला. पुढच्या सीटवर बसली. सीटबेल्ट अडकला, मी वाकले, तेवढ्यात मं.ने दुसऱ्या बाजूने हात घालून खटकन लावला. मी वाकलेलीच राहिले.

"फोन करीन," आई म्हणाली.

"बोटीवरून पण कर."

"बघते."

गाडी कोपऱ्यावर वळली. आईने मागे बघितलं नाही. आरशात दिसत असेन कदाचित.

मोकळं घर. दहा वाजेपर्यंत झोपायचं ठरवलेलं. सव्वासातला भांडी घासून झालेली.

२३ फेब्रु.

दुपारी दीडला फोन. बोटीवरून. वारा इतका की निम्मं कळलं नाही. "दीपा, गाडीत बसूनच पाण्यावरून चाललोय! मंदाने हँडब्रेक लावलाय!" मागे मं. मोठ्याने हसतेय. मी म्हटलं, स्वेटर घातलास का? मग वाटलं, कशाला विचारलं.

संध्याकाळी केळशीला पोचल्या. खोली छान आहे, म्हणाली. नुसतं "छान आहे". जास्त बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ फेब्रु., मंगळ

क्लिनिकमध्ये फोटो आला. आंबडवे. आई हात जोडून उभी, नव्या ड्रेसमध्ये, ओढणी पिन केलेली. कोपऱ्यात मं.चं बोट आलंय. खाली आईने टाइप केलेलं, तिला एवढं लिहायला दहा मिनिटं लागली असतील: बाबांचं राहिलेलं झालं.

बाबांचं. माझं नाही लिहिलं तिने, हा तिचा चांगुलपणा.

मी लेन्सच्या पेटीकडे तोंड करून उभी राहिले. खुर्चीतल्या काकांना म्हटलं, डोळ्यांत थेंब टाकायचेत, मिटून बसा जरा. थेंब टाकायचे नव्हतेच. काकांनी मुकाट्याने डोळे मिटले.

फोटो खूप चांगला आहे. तो मी काढलेला नाही, एवढंच.

२५ फेब्रु.

गुहागर. फोन छोटा. आवाज बसलाय, "बोलून बोलून," म्हणाली. आमच्या घरी तिचा आवाज कधी बसला नाही.

क्लिनिकमधली सीमा म्हणाली, घर मोकळं आहे तर बोलव ना सगळ्यांना. कोणाला बोलवू ते आठवेना. आठ वर्षं मी पण आईला चिकटलेली आहे, हे कोणी कोणाला सांगायचं?

२६ फेब्रु., गुरु.

उद्या परत यायचं ठरलेलं. भाजी आणून ठेवली, तिला आवडते ती घेवड्याची. चादरी बदलल्या.

सातला फोन, रत्नागिरीहून. आई म्हणाली, "ऐक. आम्ही शनिवारी पुढं चाललोय. मालवण. मंदाच्या ओळखीचं घर आहे तिथं."

विचारत नव्हती. सांगत होती. माझ्या तोंडावर आलेलं, गोळ्या संपतील, मं.च्या नातवाची परीक्षा, तुझे गुडघे. सगळं गिळलं. म्हटलं, "बरं."

तिला अपेक्षित नसावं. लाटांचा आवाज येत होता, जवळून.

मग मागून मं. "अगो तिला बोल ना, रत्नागिरीला ट्रेननं ये म्हनावं शनिवारी, मागची सीट रिकामीच चाललीय."

स्पष्ट ऐकू आलं. मी सोफ्यावर उठून उभी राहिले.

आईने फोनवर हात ठेवला. खरखर. मग दोघींचं काहीतरी हळू आवाजात, शब्द कळले नाहीत. आई जास्त बोलत होती. मं. एकदाच काहीतरी म्हणाली. किती वेळ गेला माहीत नाही, फार नसेल.

हात काढला.

"काय म्हणत होत्या मंदाताई?" मी.

"काही नाही गं. जेवलीस का?"

"जेवले," म्हटलं.

जेवले नव्हते.